विहिरीचें पाणी व उकिरडा
नितळ पाणी तें निर्दोष, असा समज आम्हांस पुष्कळ गांवीं आढळतो. परंतु उकिरड्यांतील व वाजवीपेक्षां अधिक टाकलेल्या युरियांतील नत्र जमिनींत नायट्रेट बनून पावसाबरोबर झऱ्यांत उतरतें. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. भारतीय मानकाप्रमाणें त्याची मर्यादा लिटरमागें ४५ मिलिग्रॅम आहे. याहून अधिक नायट्रेटच्या पाण्यांत कालविलेलें वरचें दूध तान्ह्या मुलास पाजीत गेल्यास त्याचें रक्त प्राणवायु वाहण्यास असमर्थ होऊं लागतें. ओंठ निळे पडतात व प्रसंगीं जीवही जातो. पाणी उकळल्यानें जंतु मरतात खरे, पण नायट्रेट आटत्या पाण्यांत उलट दाट होतें. तुरटीनेंही तें जात नाहीं. अशा मुलाकरितां तपासलेलें पाणीच वापरावें. जागेची अडचण आम्ही जाणतों. तरी उकिरडा विहिरीच्या वरच्या अंगास ठेवूं नये, उताराकडे दूर न्यावा.