सशाची खरूज आणि घरातील जीवदया

मेघकुमाराच्या पूर्वभवातील हत्तीची कथा जैन घरांतील लहान मुलांनाही ठाऊक असते. वणव्याच्या वेळी प्राण्यांच्या दाटीत त्याने अंग खाजवण्यासाठी पाय उचलला आणि त्या रिकाम्या जागेत एक ससा येऊन बसला. तो चिरडू नये म्हणून हत्तीने अडीच दिवस पाय टेकवला नाही.

कडेगावसारख्या गावी मुलांच्या हौसेखातर घरी आणलेला ससाच कान खाजवू लागला, म्हणजे या दयेची निराळी परीक्षा होते. कानात तपकिरी खपल्या धरणे व डोके वारंवार झटकणे ही कानातील खरजेची लक्षणे होत. नाक, पंजे व कानांच्या कडांवर पांढरट पापुद्रे दिसल्यास ती त्वचेची खरूज असू शकते. खपल्या ओढून काढू नयेत. खालची त्वचा अतिशय दुखरी असते. औषध लागू पडल्यावर त्या आपोआप गळतात.

खरा धोका घाईच्या उपचारात आहे. कुत्र्यांच्या गोचिडांवरील फिप्रोनिलयुक्त औषध सशाला घातक ठरते. त्याने झटके येऊन मृत्यूही ओढवतो. सशासाठी पशुवैद्य बहुधा आयव्हरमेक्टिन किंवा सेलामेक्टिन वापरतात. गुरांसाठीच्या एक टक्का आयव्हरमेक्टिनची मात्रा ५० किलो वजनाला १ मिलीलिटर असते. यावरून दोन किलोच्या सशाला किती अल्प औषध लागते, हे ध्यानी येईल. म्हणून अंदाजाने काही देऊ नये. व्यापाऱ्याच्या घरी काट्याची उणीव नसते; सशाचे अचूक वजन करूनच त्याला दवाखान्यात न्यावे. सशांवरील उपचारांचा अनुभव तेथे नसल्यास सातारा जिल्ह्यातील शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयाकडे विचारणा करता येईल.

थेंबांचे औषध मानेमागे, केस बाजूला सारून, थेट त्वचेवर सोडतात. तेथे सशाची जीभ पोहोचत नाही. सोबतचा ससा ते चाटू नये म्हणून दोघांना औषध वाळेपर्यंत वेगळे ठेवावे. औषधाने अंडी मरत नाहीत, म्हणून साधारण दोन आठवड्यांनी पुन्हा मात्रा द्यावी लागते. सशाला आंघोळ घालू नये आणि उपाशीही ठेवू नये.

औषधाने त्रस जीवांची हिंसा होते, ही टोचणी श्रावकाच्या मनाला लागणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर यत्नात आहे. पिंजरा रोज झाडून कोरडा ठेवावा, गवत स्वच्छ असावे, नवा ससा काही आठवडे वेगळा राहावा आणि कान आठवड्यातून एकदा पाहावेत. पावसाळ्यात शेपटीखालचा भाग रोज तपासावा. मळलेल्या केसांत माश्या अंडी घालतात आणि एका दिवसात अळ्या पडतात.

एवढे करूनही खरूज झालीच, तर सशाला तळमळत ठेवणे ही काही अहिंसा नव्हे. हत्तीने अडीच दिवस पाय उचलून धरला; घरच्या सशासाठी दोन आठवड्यांनंतरची दुसरी मात्रा न विसरणे, एवढी जपणूक तरी आपल्या हातून घडावी.