रेणू ओलांडायला प्रकाशाला किती वेळ लागतो?

खोलीत दिवा लावला की चारी भिंती एकदम उजळल्या असे आपल्याला वाटते. खरे तर जवळची भिंत आधी उजळते, दूरची नंतर. आता ही खोली लहान लहान करत हायड्रोजनच्या रेणूएवढी करा. तिथेही हा फरक उरतो का?

हायड्रोजनचा रेणू सर्वांत साधा: दोन अणू, दोन इलेक्ट्रॉन. त्यातला एक इलेक्ट्रॉन उपटायला सुमारे 15.4 इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाच्या एका कणाजवळ जेमतेम 3 असते. म्हणून हजार दिवे लावा, इलेक्ट्रॉन हलत नाही. कणांची संख्या नव्हे, एकेका कणाची ताकद महत्त्वाची, हे आइन्स्टाइन यांनी 1905 मध्येच सांगितले होते.

जर्मनीतील फ्रँकफर्ट विद्यापीठाच्या राइनहार्ड डोर्नर, स्वेन ग्रुंडमान आणि सहकाऱ्यांनी हॅम्बुर्गच्या यंत्रातून 800 इलेक्ट्रॉन-व्होल्टचे क्ष-किरण या रेणूवर सोडले. एका प्रकाशकणाने दोन्ही इलेक्ट्रॉन बाहेर फेकले.

गंमत पुढे आहे. इलेक्ट्रॉन नुसता कण नाही, तो तरंगही आहे, आणि तो दोन्ही अणूंचा सामाईक असतो. त्यामुळे त्याचा तरंग दोन्ही अणूंपासून निघतो. विहिरीत दोन खडे टाकले की वलये एकमेकांत मिसळून नक्षी उमटते, तसेच. खडे एकाच क्षणी पडले तर नक्षी दोन्ही बाजूंना सारखी. एक किंचित उशिरा पडला तर ती सरकते. इथेही नक्षी सरकलेली आढळली! दोन अणूंमधले अंतर मिलिमीटरच्या एक कोटीव्या भागाहूनही कमी, आणि ते कापायला प्रकाशाला लागलेला वेळ 247 झेप्टोसेकंद. झेप्टोसेकंद म्हणजे दशांशचिन्हापुढे वीस शून्ये आणि मग एक. हे संशोधन 2020 मध्ये 'सायन्स'मध्ये प्रसिद्ध झाले.

इजिप्तमध्ये जन्मलेले अहमद झेवेल यांना रेणूंचे बंध तुटता-जुळताना टिपल्याबद्दल 1999 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांचे माप फेम्टोसेकंदाचे होते, आणि एका फेम्टोसेकंदात दहा लाख झेप्टोसेकंद मावतात. तेवढ्यासाठीही त्यांचे काम अचाट होते.

पण नक्षी दुसऱ्याच कारणाने सरकली नसेल कशावरून? इलेक्ट्रॉन गेल्यावर उरलेली दोन केंद्रके एकमेकांना ढकलून उडतात. त्यांच्या दिशेवरून रेणू कसा पडला होता ते कळते. जे रेणू प्रकाशाच्या वाटेत आडवे होते, त्यांच्या दोन्ही अणूंना प्रकाश एकाच वेळी भिडला. त्यांची नक्षी मुळीच सरकली नव्हती.