रक्त तपासणाऱ्या यंत्रात मापात पाप नको

पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्ताची नळी यंत्राच्या सुईखाली धरली, की थोड्याच वेळात हिमोग्लोबिन, लाल पेशी आणि पांढऱ्या पेशी यांच्या आकड्यांचा कागद बाहेर येतो. पाहणाऱ्याला वाटते, ही सारी करामत संगणकाची आहे. परंतु झाकण उघडल्यावर आत दिसतात छोट्या मोटारी, तांब्याच्या तारेच्या कॉईल, स्प्रिंगा आणि रबरी नळ्या. मोटार वाइंडिंग किंवा टीव्ही दुरुस्ती करणाऱ्या आपल्या कारागीर बंधूंना या वस्तू नवीन नाहीत.

पेशी मोजण्याची एक रूढ पद्धत अमेरिकेतील वॉलेस कोल्टर यांची आहे. तिचे पेटंट त्यांना 1953 साली मिळाले. मिठाच्या पाण्यात पातळ केलेले रक्त एका बारीक छिद्रातून जाते. छिद्रातून विजेचा प्रवाहही चालू असतो. पेशी आली की प्रवाहाला क्षणभर अडथळा होतो आणि तो अडथळा मोजला जातो. मात्र त्याआधी रक्त अचूक मापून घ्यावे लागते आणि योग्य भांड्यात पोचवावे लागते. मापण्याचे काम मोटार करते. वाट उघडण्या-मिटण्याचे काम सोलेनॉइड व्हॉल्व्ह करतात.

ही मोटार पंख्यासारखी गरगर फिरणारी नसते. तिला स्टेपर मोटार म्हणतात. ती विजेच्या प्रत्येक ठोक्याला एक पाऊल सरकते. नेहमीच्या स्टेपरचे पाऊल 1.8 अंशांचे, म्हणजे एका फेऱ्याला 200 पावले. मोटारीला जोडलेला स्क्रू सिरिंजचा दट्ट्या ओढतो. समजा, एका फेऱ्यात 20 मायक्रोलिटर रक्त ओढले जाते. म्हणजे एका पावलाला 0.1 मायक्रोलिटर. आता दट्ट्या जड झाल्याने 20 पावले चुकली, तर रक्त 18 मायक्रोलिटरच येईल. रुग्णाचे हिमोग्लोबिन खरे 13 असले तरी कागदावर 11.7 च्या आसपास दिसेल. पुष्कळ यंत्रांत मोटार सुरुवातीच्या जागी आली की नाही, हे पाहणारा प्रकाशाचा सेन्सर असतो. पण मधली पावले मोजणारे कोणी नसेल, तर यंत्राला आपली चूक कळत नाही.

सोलेनॉइडचा हिशेब वेगळा. दांडा खेचायला जोर अधिक लागतो, धरून ठेवायला कमी. म्हणून अनेक सर्किटांत आधी पूर्ण 24 व्होल्ट देतात आणि मग प्रवाह कमी करतात, नाहीतर कॉईल तापते. कॉईलची वीज तोडली की उलट दाबाचा मोठा झटका निघतो. त्यापासून ट्रान्झिस्टर वाचावा म्हणून डायोड लावतात. परंतु नुसत्या डायोडमुळे कॉईलमधला प्रवाह हळू ओसरतो व व्हॉल्व्ह किंचित उशिरा सोडतो. म्हणून काही ठिकाणी डायोडबरोबर झेनर असतो. तो काढून साधा डायोड टाकला तर यंत्र चालू राहील, पण वेळ बदलेल आणि वेळेबरोबर मापही बदलू शकेल.

बिघाड आला म्हणजे लगेच मोटार बदलू नये. पुष्कळदा मोटार निर्दोष असते. गळलेले मिठाचे पाणी सुकून स्क्रूवर किंवा व्हॉल्व्हवर खडे धरते. ते आधी पाहावे. रबरी नळी व्हॉल्व्हमध्ये दबून चिकटली आहे का, तेही पाहावे. नंतर वीजपुरवठा मोजावा, पण यंत्र रिकामे असताना नव्हे. व्हॉल्व्ह एकदम ओढले जातात त्या क्षणी 24 व्होल्ट खाली बसत असतील, तर पॉवर सप्लायचे कपॅसिटर तपासावेत. वीज चालू असताना स्टेपरचा प्लग कधीही काढू नये. ड्रायव्हर आयसी जळू शकतो.

यंत्रात परक्याचे रक्त असते. कावीळ बी आणि एचआयव्ही यांचा धोका ओळखून हातमोजे घालावेत, यंत्र आधी जंतुनाशकाने धुऊन घ्यावे आणि कावीळ बीची लस टोचून घ्यावी.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. मोटार फिरली म्हणजे दुरुस्ती झाली, असे नव्हे. ज्याचे आकडे आधीच ठाऊक आहेत असे कंट्रोल रक्त चालवून पाहावे. आकडे ठरलेल्या मर्यादेत आले तरच यंत्र लॅबच्या ताब्यात द्यावे. न आल्यास तसे स्पष्ट सांगावे, मग मजुरी बुडाली तरी चालेल. मापात कमी देणाऱ्यांना पवित्र कुरआनच्या सूरह अल-मुतफ्फिफीनमध्ये कडक इशारा दिलेला आहे, हे आपले व्यापारी बंधू जाणतात. दुकानात ग्राहकाला निदान तराजूचा काटा दिसतो. इथे रुग्णाला काहीच दिसत नाही. तो कागदावर विसंबून औषध घेतो. म्हणून ही अमानत कारागिरानेच सांभाळावी.