ट्रॉलीचा हुक किती दिवस टिकावा?



सरदाचे भात झोडून झाले की लाटंबार्से गावाच्या वाटांवर ट्रॉल्या दिसू लागतात. कोणी गवत नेतो, कोणी कुळागरात शेणखत घालावयास निघतो, कोणी घराचे काम काढलेले असते म्हणून चिऱ्यांच्या खेपा करतो. जूनपासून आंब्याखाली उभी असलेली ट्रॉली एके सकाळी ओढून काढायची, चाकांत हवा भरायची, ट्रॅक्टर मागे घेऊन पिन घालायची आणि निघायचे. निघण्यापूर्वी आपण इंजिनाचे तेल पाहतो, डिझेल पाहतो, टायरला लाथ मारून पाहतो. पिन मात्र हातात घेऊन कोणी पाहत नाही. लोखंडाला काय होणार, असा आपला समज.

गेल्या उन्हाळ्यात एका शेतकरी बंधूने आम्हांला अशीच एक पिन सहज दाखविली. दोन्ही टोकांना ती जाड होती आणि मध्ये डमरूसारखी कमरेत बारीक झालेली होती. किती वर्षे वापरता असे विचारले, तर ट्रॉली घेतली तेव्हापासूनचीच आहे म्हणाले. बदलत का नाही, तर उत्तर आले, "तुटली नाही तोवर चालते." त्यांची दोन मुले शाळेतून येताना त्याच ट्रॉलीच्या दांड्यावर बसून घरी येतात, हे आम्हांला ठाऊक होते. म्हणून या अंकात या हातभर लोखंडाविषयी लिहावे असे वाटले.

प्रथम पिन झिजते कशी ते पाहू. ट्रॉलीच्या दांड्याच्या टोकाला कडी किंवा भोक पाडलेली जाड पट्टी असते. ती ट्रॅक्टरच्या हुकात बसते आणि दोहोंतून पिन जाते. नवी असताना पिन भोकात जेमतेम मावते. पण ट्रॅक्टर ओढतो, थांबतो, उतारावर ट्रॉली मागून ढकलते, आणि प्रत्येक वेळी कडी पिनेवर घासते. आपल्या भागात यात आणखी एक गोष्ट मिसळते, ती म्हणजे तांबडी माती. हिचा तांबडा रंग लोहाच्या भस्माचा आहे. याच जातीची बारीक तांबडी पूड सोनार आणि काच घासणारे कारागीर चकाकी आणण्यासाठी वापरतात. ही धूळ जुन्या ग्रीसमध्ये मिसळली की ग्रीस वंगण राहत नाही, घासण्याचे मलम होते. म्हणून जुन्या ग्रीसवर नवे ग्रीस थापू नये. आधी डिझेलच्या चिंधीने पिन, कडी आणि भोकाची आतली बाजू लख्ख पुसावी, मग बोटभर नवे ग्रीस लावावे. रोज खेपा चालू असतील तर आठवड्यातून एकदा तरी हे करावे. पाच मिनिटांचे काम आहे.

झीज झाली की जोडात ढिलाई येते, आणि खरी हानी ही ढिलाई करते. एक ठोकळ हिशेब मांडू. दोन टनांची भरलेली ट्रॉली सपाट डांबरी रस्त्यावर सावकाश ओढावयास साठ किलोच्या आसपास जोर पुरतो. दहा फुटांस एक फूट असा चढ असेल तर त्यात दोनशे किलोंची भर पडते. पण हुकात ढिलाई आहे आणि ट्रॅक्टर व ट्रॉली यांच्या वेगात ताशी दोन किलोमीटरचाच फरक पडला, असे धरा. ट्रॅक्टरही दोन टनांच्या आसपासचा आहे. ढिलाई संपते त्या क्षणी बसणारा दणका एका सेंटिमीटरच्या आत जिरवावयाचा झाला, तर पिनेवर सुमारे दीड टनाचा जोर येतो. म्हणजे सपाटीवरच्या ओढीच्या पंचवीस पट. खड्ड्यांच्या रस्त्यावर असे दणके एका खेपेत शेकडो बसतात. दणक्याने भोक लांबट होते, भोक लांबट झाले की ढिलाई वाढते, ढिलाई वाढली की दणका वाढतो. म्हणून पहिली सात-आठ वर्षे काहीच न झालेला हुक पुढच्या दोन वर्षांत एकदम निकामी झालेला दिसतो.

लोखंड एका मोठ्या ओझ्याने मोडते असे आपल्याला वाटते. पण पुष्कळदा ते लहान ओझ्याच्या लाखो हिसक्यांनी मोडते. पॅरिसजवळ व्हर्सायहून परतणाऱ्या एका आगगाडीच्या इंजिनाचा आस ८ मे १८४२ रोजी मोडला आणि पन्नासहून अधिक माणसे प्राणांस मुकली. वरून धडधाकट दिसणारे आस असे का मोडतात, हा प्रश्न त्यानंतर इंजिनियरांपुढे उभा राहिला. जर्मनीतील ऑगस्ट व्योलर यांनी पुढे १८५० ते १८७० या काळात आगगाडीच्या आसांवर प्रयोग केले आणि दाखवून दिले, की एका वेळी सहज पेलणारा भार पुन्हापुन्हा पडत राहिला तर धातू शिणतो, त्यात बारीक तडा पडतो, आणि तो तडा आतल्या आत वाढत जातो. शेवटी उरलेल्या थोड्या भागावर सारा भार येतो आणि तो भाग एका क्षणात तुटतो. तुटण्यापूर्वी लोखंड वाकून सूचना देईल, ही आशा व्यर्थ आहे.

तडा कुठे शोधावा? पिनेपेक्षा दांड्यात अधिक. दांडा जेथे ट्रॉलीच्या चौकटीला वेल्डिंगने जोडलेला असतो तेथे वेल्डिंगच्या कडेने पाहावे. रंगावर केसासारखी तांबूस रेघ उमटली असेल तर रंग खरवडून पाहावे, कारण तड्यात शिरलेले पाणी गंज होऊन बाहेर येते. संशय असेल तर एक जुनी युक्ती आहे, रेल्वेच्या वर्कशॉपांत ती पूर्वी वापरीत. जागा स्वच्छ करून तिला केरोसीन लावावे, नसेल तर डिझेल. पंधरा-वीस मिनिटांनी कोरड्या फडक्याने अगदी पुसून काढावे. मग चुन्याची किंवा खडूची पूड पातळ फासावी आणि हातोडीने जवळपास हलके ठोकावे. तडा असेल तर त्यात शिरलेले तेल पाझरून पांढऱ्यावर ओली रेघ उमटते. सर्वच तडे याने सापडतात असे नाही, पण जो सापडला तो खरा.

तडा सापडल्यावर त्यावर नुसती वेल्डिंगची वळ ओढणे म्हणजे जखमेवर चुना लावणे होय. तडा संपतो तेथपर्यंत तो ग्राइंडरने खोदून काढावा लागतो, मग भरावा लागतो आणि वरून पट्टी द्यावी लागते. हे जाणत्या वेल्डरचे काम आहे. पिनेला मात्र वेल्डिंग करून जाड करण्याच्या भानगडीत कोणी पडू नये. चांगली पिन पाणी दिलेल्या पोलादाची असते. वेल्डिंगच्या आंचेने ते पाणी उतरते आणि कडेला पोलाद ठिसूळ होते. दिसायला पिन नवी, आतून काचेसारखी. झिजलेली पिन भंगारात घालावी. भोक लांबट झाले असेल तर ते लेथवर गोल कातून त्यात पोलादी बुश बसवून घ्यावा. पुढे झीज झाली तर बुश बदलता येतो, सारा हुक नव्हे.

पिन किती झिजली म्हणजे टाकावी? कॅलिपर असेल तर उत्तम. नसेल तर बारीक दोरा पिनेच्या न झिजलेल्या टोकाला एक वेढा देऊन मोजावा, आणि मग मधल्या बारीक भागाला. पंचवीस मिलिमीटरच्या पिनेचा वेढा साडेअठ्ठ्याहत्तर मिलिमीटर भरतो. मध्ये तो बहात्तर भरला तर पिन तेवीसची झाली. दोनच मिलिमीटर गेले असे वाटेल, पण पिनेची ताकद तिच्या छेदाच्या क्षेत्रफळावर असते, आणि ते क्षेत्रफळ पंधरा टक्क्यांनी घटलेले असते. वीसची झाली तर एक तृतीयांशाहून अधिक ताकद गेली. आम्ही तेवीसलाच टाका असे म्हणू. परदेशात लोक मोटारीमागे चाकांवरचे घर जोडून सहलीस जातात. त्यांच्या जोडाचा गोळा ५० मिलिमीटरचा असतो आणि घासून ४९ चा झाला की तो काढून टाकावा असा दंडक आहे. ते लोक एका मिलिमीटरला जपतात, आणि आम्ही डमरू होईपर्यंत थांबतो.

पिनेच्या जागी काय काय घातलेले असते याचीही एक यादी होईल: स्लॅबसाठी आणलेल्या सळीचा तुकडा, मोडक्या नांगराचा बोल्ट, एकदा तर पहारेचे टोक. बोल्टच घालावयाचा असेल तर त्याच्या डोक्यावर ८.८ असा आकडा कोरलेला आहे का ते पाहावे. तो अधिक ताकदीच्या पोलादाचा असतो. बोल्टाचे आटे मात्र कडीच्या भोकात येता कामा नयेत, कारण आट्यांच्या खाचेतूनच तडा सुरू होतो. आणि पिनेच्या खालच्या टोकाला लॉक-पिन हवीच. सुतळी किंवा बारीक तार ही लॉक-पिन नव्हे. दशरथाच्या रथाची खीळ निसटली तेव्हा कैकेयीने चाकात आपले बोट घातले, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. ट्रॉलीच्या हुकात बोट घालावयास कोणी कैकेयी येणार नाही.

पॉवर टिलर वापरणाऱ्यांनी येथे अधिक लक्ष द्यावे. त्याच्या ट्रेलरवर चालक स्वतः पुढे बसतो, हातात टिलरची मूठ असते आणि पायाखालचा ब्रेक ट्रेलरच्या चाकांना लागतो. पिन निसटली तर इंजिन एकीकडे आणि चालक दुसरीकडे. उतारावर आणखी एक घोटाळा होतो. मागून ट्रेलर ढकलत असताना डाव्या बाजूचा क्लच दाबला की डावे चाक मोकळे पळते, उजवे इंजिन रोखून धरते, आणि गाडी उजवीकडे वळते. म्हणजे सपाटीवरच्या नेमके उलट. हुकात ढिलाई असेल तर हे वळण हिसक्याने येते. आपल्याकडील उतारांवर नवशिक्या मुलाच्या हाती भरलेला ट्रेलर देऊ नये, ही विनंती.

भार कसा भरावा याचाही हुकाशी संबंध आहे. दोन चाकांच्या ट्रॉलीत सारे चिरे मागे रचले तर दांडा वर उचलला जातो आणि ट्रॅक्टरची मागची चाके जमीन सोडू पाहतात. सारे पुढे रचले तर हुकावर भार पडतो आणि ट्रॅक्टरचे तोंड हलके होऊन वळत नाही. जड माल चाकांच्या आसावर, किंचित पुढे असावा. आणि ट्रॉली अडकली म्हणून साखळी ट्रॅक्टरच्या वरच्या दांडीला, म्हणजे टॉप लिंकला, कधीही बांधू नये. मागच्या आसाच्या वरून ओढ बसली की ट्रॅक्टर पुढून उठून चालकाच्या अंगावर उलटतो.

एवढे करूनही पिन तुटलीच तर? त्यासाठी साखळी. ट्रॉलीच्या चौकटीपासून ट्रॅक्टरपर्यंत दोन साखळ्या, दांड्याखाली एकमेकींना फुली मारून जाव्यात. जोड सुटला तर दांडा त्या फुलीवर पडतो, जमिनीत रुतत नाही, आणि ट्रॉली पळून जात नाही. साखळी पिनेलाच अडकवू नये. वळताना ताणणार नाही इतकी ढिली, पण जमिनीवर घासणार नाही इतकी आखूड ठेवावी. भरलेल्या ट्रॉलीचे वजन पेलेल अशीच घ्यावी, गुरे बांधण्याची चालणार नाही.

४ एप्रिल २०२५ रोजी नांदेड जिल्ह्यातील आलेगाव शिवारात शेतमजूर स्त्रियांना कामावर घेऊन निघालेला ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत कोसळला आणि सात जणी मरण पावल्या. तेथे हुक तुटला असे आमचे म्हणणे नाही. पण ट्रॉलीत बसलेल्या माणसाला धरावयास काही नसते आणि उडी मारावयास वेळ नसतो. मालाच्या ट्रॉलीतून माणसे नेण्यास कायद्याने मनाई आहे. मजूर स्त्रियांना तीन-चार किलोमीटर चालत या असे सांगणे सोपे नाही, हे आम्ही जाणतो. तरी भाड्याची रिक्षा किंवा टेंपो केला तर त्याचा खर्च एका दिवसाच्या मजुरीहून अधिक नसावा, आणि तो मालकानेच द्यावा. दांड्यावर मात्र कोणीही बसू नये, मुलांनी तर नाहीच. तेथून घसरलेले मूल सरळ ट्रॉलीच्या चाकाखाली जाते, मग पिन कितीही नवी असो.

राहिली पावसाळ्याची गोष्ट. गोव्यात वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सारा चार महिन्यांत. ट्रॉली उभी करताना दांडा मातीत टेकू देऊ नये, दोन चिरे रचून त्यावर ठेवावा. पिन काढून, ग्रीस लावून, जुन्या पिशवीत गुंडाळून घरात टांगावी. दांडा पोकळ पेटीसारखा असेल तर त्याच्या सर्वांत खालच्या जागी पाणी निघावयास भोक आहे का पाहावे. नसेल तर आत साचलेले पाणी दांडा आतून खाते आणि वरचा रंग शाबूत राहतो. असा दांडा हातोडीने वाजवावा. चांगल्या जागी आवाज खणखणीत येतो, कुजलेल्या जागी बद्द. ज्या बंधूंची ट्रॉली अजून आंब्याखाली आहे त्यांनी हे या आठवड्यातच करून पाहावे, कारण मळणीच्या खेपा सुरू झाल्या की डिचोलीच्या लेथवाल्याकडे बुशासाठी रांग लागते.