चाकांवरील अंमल

औंध संस्थानात मोडणाऱ्या कुंडलच्या परिसरात, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी दिलेल्या ओसाड माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली आपला कारखाना आणून वसविला, आणि पुढे ‘कुंडल रोड’ हे स्टेशनच किर्लोस्करवाडी या नावाने ओळखले जाऊ लागले. तेव्हापासून या मुलखाला यंत्राचे अप्रूप असे राहिलेले नाही. आज क्रांती साखर कारखान्याकडे ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्यांचे बसलेले पाटे ठोकून देणाऱ्या इथल्या कारागिराला एखाद्या जुन्या विलायती स्पोर्ट्‌स कारखाली निजविले, तर त्याच्या ओळखीचे पुष्कळ काही तिथे निघेल.

उदाहरणादाखल एम.जी.बी. घ्यावी. इंग्लंडातील ॲबिंग्डन येथे १९६२ पासून १९८० पर्यंत निघालेली आणि पाच लाखांहून अधिक खपलेली ही मोटार. तिचा हौशी मालक रंगरंगोटीवर पाण्यासारखा पैसा ओततो आणि रबरी बुशांच्या किमतीत मात्र घासाघीस करतो. हा व्यवहार मला नेहमीच उफराटा वाटत आला आहे.

पुढच्या चाकांची तजवीज मोठी चतुर आहे. तेलाने भरलेला, दांडीचा शॉकॲब्सॉर्बर हाच तेथे वरच्या भुजेचेही काम करतो. त्यामुळे तो गळू लागला की धक्के वाढतातच, शिवाय त्याचा आस झिजला असल्यास चाकाची ठेवणही बिघडते. किंगपिनला वेळच्या वेळी ग्रीस न मिळाल्यास बुश झिजतो, आणि जॅकवर उचललेले चाक वर-खाली धरून हलविताच ही हयगय हाताला कळते. नवे रबरी बुश बसविताना बोल्ट लोंबत्या चाकावर आवळू नयेत. मोटारीचा भार चाकांवर आल्यावरच शेवटचा पिळा द्यावा, एरवी रबर कायमचे पिळलेले राहून थोड्याच दिवसांत फाटते.

मागे मात्र पाटेच आहेत. बसलेल्या पाट्याला थंडच ठोकून कमान देण्याची आपल्याकडची रीत स्वस्त खरी. पण पोलाद तापवून, तेलात विझवून, पुन्हा बेताच्या उष्णतेवर मवाळ केल्यावाचून ती कमान फार काळ टिकत नाही. उसाच्या ट्रॉलीला एक हंगाम निभावून नेणे पुरेसे असते. वेगाने वळणे घेणाऱ्या मोटारीला ते पुरत नाही.

ब्रेकच्या बाबतीत खरा शत्रू पाणी. ब्रेकचे तेल हवेतील ओल शोषून घेते. डॉट-३ जातीच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, तोच ओल धरलेल्या तेलाला १४० अंशांपर्यंत उतरलेला चालतो. घाटात तापलेल्या डिस्कपाशी असे तेल उकळले की नळीत वाफ होते, आणि दाबलेले पेडल काहीच न करता तळाला टेकते. त्याच ओलीने सिलिंडर आतून गंजतात. तेव्हा कप बदलण्यापूर्वी बोटाने आतला पृष्ठभाग चाचपावा, आणि खड्डे लागले तर सिलिंडरच बदलावा. मागच्या ड्रममधील धूळ कॉम्प्रेसरने उडविण्याची सवय तर सर्वांत घातक, कारण जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असते.

हवा काढून झाल्यावर पेडल मिनिटभर दाबून धरावे. ते घट्ट राहिले तर ठीक. किंचितही खाली सरकू लागले, तर आधी सांधे कुठे गळत नाहीत ना ते पाहावे, आणि ते कोरडे असल्यास मास्टर सिलिंडर पुन्हा उघडावा. तोवर मालक दारात कितीही ताटकळत असला, तरी त्याच्या हाती किल्ली देऊ नये.