चौकट : तलावासाठी पावतीपुस्तक छापण्याआधी

गोदापात्रात फुकट पोहायला शिकलेल्या जुन्या नाशिककरांना पोहण्यासाठी वर्गणी ही कल्पनाच गमतीची वाटेल. त्र्यंबक रोडवरचा स्वातंत्र्यवीर सावरकर जलतरण तलाव आणि नाशिकरोडचा राजमाता जिजाऊ तलाव महापालिकेचे. लोकवर्गणीतून आणखी एक उभारायचा, तर आधी धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय गाठावं. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली न्यासाची नोंदणी हवी; ती नसेल, तर गणेश मंडळं घेतात तीच कलम ४१-क ची परवानगी.

मोठा पैसा सातपूर-अंबडच्या कारखान्यांकडून येईल, ही सगळ्यांचीच आशा. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार पात्र कंपन्यांनी मागील ३ वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे किमान २ टक्के सामाजिक कामांवर (सीएसआर) खर्चायचे असतात. ऑलिंपिक खेळांचं प्रशिक्षण कायद्यातल्या अशा कामांच्या यादीत बसतं, सभासदांची डुंबायची सोय नाही. प्रस्तावात हा फरक ठळक दिसला पाहिजे. शिवाय १ एप्रिल २०२१ पासून असा निधी राबवणाऱ्या संस्थेला सीएसआर-१ नोंदणी लागते.

५० मीटर लांब, २५ मीटर रुंद आणि २ मीटर खोल तलावात २५ लाख लिटर पाणी मावतं, म्हणजे दहा हजार लिटरच्या टँकरच्या २५० खेपा! बांधकामासाठी कोनशिलेवर नाव हवं असणारे देणगीदार भेटतात. वीजबिल, क्लोरीन आणि जीवरक्षकांच्या पगारासाठी मात्र निधीतली काही रक्कम पहिल्यापासून मुदतठेवीत बाजूला काढावी लागते.