व्याधीमुक्त रुग्णाचा सहकुटुंब प्रवास

उन्हाळ्याची सुटी किंवा दिवाळी जवळ आली की आपणा सर्वांच्या चिकित्सालयात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, यांना आता बरे वाटते आहे. चार दिवस कोठे तरी घेऊन जाऊ का?" विचारणारी व्यक्ती बहुधा स्वतः रुग्ण नसते, रुग्णाची पत्नी किंवा पती असते. 'जा, पण जपून' किंवा 'इतक्यात नको' एवढे बोलून आपण पुढील रुग्णास आत बोलावतो. या प्रश्नाला याहून नेमके उत्तर देण्याची सामग्री आपल्या संहितांत आहे, म्हणून प्रस्तुत लेखात त्याचा थोडा विस्ताराने विचार केला आहे.

व्याधी जाणे आणि बल येणे या दोन वेगळ्या घटना आहेत, हे आपण सर्व जाणतो. ज्वर उतरल्यावरही रुग्ण बलवान होईपर्यंत व्यायाम, मैथुन, स्नान व फिरणे वर्ज्य करावे, असे चरकाचार्य ज्वरचिकित्सेत सांगतात. प्रवासाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा संदर्भ सिद्धिस्थानाच्या बाराव्या अध्यायात आहे. शोधनाने क्षीण झालेल्या व्यक्तीने प्रकृतिस्थ होईपर्यंत टाळावयाच्या आठ गोष्टी तेथे सांगितल्या आहेत. मोठ्याने बोलणे, रथक्षोभ म्हणजे वाहनाचे धक्के, फार चालणे, फार वेळ बसून राहणे, अजीर्ण असता भोजन, अहितकर भोजन, दिवसा झोप आणि मैथुन. यात्रा कंपनीच्या बसमधील एक दिवस डोळ्यांपुढे आणला, तर यांपैकी पहिल्या सात गोष्टी संध्याकाळपर्यंत घडलेल्या असतात! रथक्षोभाच्या परिणामांत सांध्यांचे शैथिल्य, कटी व पृष्ठ यांतील वेदना, आध्मान यांबरोबर पायांवरील शोथही आचार्यांनी नोंदविला आहे. चार तासांहून अधिक काळ एका जागी बसून प्रवास केल्यास पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, असे आधुनिक वैद्यकही सांगते. मोठ्या शस्त्रकर्मानंतर हा धोका मुळातच अधिक असतो. तेव्हा दीर्घ प्रवासानंतर एकाच पायावर सूज व पोटरीत वेदना असेल, तर अभ्यंग किंवा मर्दन न करता रुग्णास त्वरित रुग्णालयात पाठवावे. एरवीचा प्रवासशोथ दोन्ही पायांवर येतो आणि रात्रभर पाय उंच ठेवल्याने बहुधा उतरतो.

शोधनानंतर आपण रुग्णास एकदम पूर्णान्न देत नाही. पेया, विलेपी, यूष अशा क्रमाने तीन, पाच किंवा सात दिवसांत अग्नीला पूर्वपदावर आणतो. प्रवासालाही हाच न्याय लावावा, असे माझे मत आहे. प्रथम घराचा जिना. बारा-पंधरा पायऱ्या न थांबता चढून धाप लागली नाही किंवा छातीत दुखले नाही, तर पुढील पायरी म्हणजे तासाभराच्या अंतरावरील गावी जाऊन त्याच दिवशी परत येणे. त्या रात्रीची झोप आणि दुसऱ्या दिवशीची भूक व मलप्रवृत्ती यांची चौकशी मी आवर्जून करतो, कारण उत्साहाच्या भरात रुग्ण 'काही त्रास नाही' असे सांगतो, पण अग्नी खोटे बोलत नाही. सकाळी भूक वेळेवर लागली आणि अंग हलके असले, तर नातेवाइकांकडे एका रात्रीचा मुक्काम करण्यास हरकत नसते. तोही सुखाचा झाला, तरच लांबचा प्रवास. यात तीन-चार आठवडे सहज जातात, आणि ते जाऊ द्यावेत. मात्र मूळ शस्त्रकर्म करणाऱ्या तज्ज्ञाची संमती यापूर्वीच घेतलेली असावी. बायपासनंतर छातीचे मधले हाड, म्हणजे उरोस्थी, सांधण्यास साधारणपणे सहा ते बारा आठवडे लागतात. तोवर पिशव्या उचलणे, बसच्या दांडीला लोंबकळणे, गाडीचा जड दरवाजा ओढणे हे सर्व निषिद्ध होय.

स्थळाची निवड हा यापुढील प्रश्न. आपल्याकडे ती बहुधा नवसाने ठरते. 'बरे वाटले की दर्शनाला येऊ' असे आजारपणात बोललेले असते, आणि रुग्णाच्या मनावर त्याचे ओझे असते. अशा वेळी देवदर्शनाला विरोध न करता मार्ग सुचवावा. उदाहरणार्थ, वणीच्या सप्तशृंग गडावर २०१८ पासून फ्युनिक्युलर ट्रॉली आहे, त्यामुळे पायऱ्यांचा बराच भार टळतो. कोकणात जावयाचे तर बसपेक्षा रेल्वे बरी. रेल्वेत उठून चार पावले टाकता येतात, पाय पसरता येतात आणि मूत्रवेगाचे धारण करावे लागत नाही. केदारनाथ मात्र सुमारे ३,५८० मीटर उंचीवर आहे. तेथील हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांशच असतो, आणि पायी जावयाचे तर गौरीकुंडापासून सुमारे सोळा किलोमीटरची चढण आहे. हृद्रोगातून नुकत्याच उठलेल्या माणसास तेथे जाण्याची अनुमती देऊ नये. घोडा किंवा डोली केल्याने चढण टळते, विरळ हवा टळत नाही.

येथवरचा विचार रुग्णाचा झाला. परंतु प्रश्न विचारणाऱ्या व्यक्तीचे काय? वैद्य, औषध, परिचारक व रुग्ण हे चिकित्सेचे चार पाद. परिचारकाच्या ठिकाणी उपचारांचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग व शुचिता असावी, असे चरकाचार्य सांगतात. आपल्या समाजात हा पाद बहुधा रुग्णाच्या जोडीदाराच्या रूपाने उभा असतो, आणि त्याच्या स्वतःच्या अग्निबलाची चौकशी कोणी करीत नाही.

माझ्याकडील एक उदाहरण देतो. ५६ वर्षांचे गृहस्थ, बायपास होऊन नऊ आठवडे झालेले. पत्नी शिक्षिका. दोन महिने रात्री अर्धवट झोप, सकाळी शाळा, दुपारी पुन्हा पथ्याचा स्वयंपाक. त्यांची रजा प्रवास सवलत संपत आली होती, मुलीची बारावीची परीक्षा नुकतीच झाली होती आणि चारधामचे आरक्षण करण्याचा विचार चालला होता. बाईंची नाडी पाहू लागलो तेव्हा त्या संकोचाने म्हणाल्या, "माझे काही नाही हो, यांचे बघा." त्यांना अम्लपित्त, शिरःशूल आणि अनिद्रा ही तिन्ही लक्षणे होती. प्रवासाची खरी गरज कोणाला आहे, हे तेथेच स्पष्ट झाले.

चारधामास मी नकार दिला. गृहस्थांना या प्रवासाचे बल आलेले नाही, आणि बाई व मुलगी यांनी आठ दिवस माहेरी जाऊन यावे, असे सुचविले. गृहस्थांचे थोरले बंधू त्याच गावात राहत होते आणि औषधांच्या वेळा सांभाळण्यास तयार होते. अडचण वेगळीच निघाली. "नवरा आजारी असता ही फिरायला गेली असे लोक म्हणतील," हे त्या बाईंनी खाली मान घालून सांगितले. तेव्हा मी गृहस्थांसमोर आणि बंधूंसमोर स्पष्ट शब्दांत सांगितले, की हा माझा चिकित्सेतील आदेश आहे, आणि तो केसपेपरवर लिहूनही दिला. 'वैद्यांनी सांगितले आहे' या वाक्याला आपल्या समाजात अद्याप वजन आहे. एरवी ते आपण पथ्यासाठी खर्च करतो, परिचारकाच्या विश्रांतीसाठीही करावे. बाई सहा दिवसांनी परतल्या. चौदाव्या आठवड्यात त्या कुटुंबाने रेल्वेने गणपतीपुळ्याचा प्रवास एकत्र केला.

स्त्री रुग्ण असेल तर चित्र पालटते. पती मोठ्या प्रेमाने सहल ठरवितो, परंतु सामान भरणे, प्रवासाचा खाऊ करणे आणि नातेवाइकांकडे उतरल्यावर स्वयंपाकघरात हात लावणे तिच्याकडेच येते. घर बदलते, काम बदलत नाही. अशा वेळी पतीस समोर बसवून हे सांगणे आपले कर्तव्य आहे. कर्करोगासाठी केमोथेरपी चालू असल्यास आणखी एक पथ्य आहे. अनेक औषधयोजनांत मात्रेनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवशी श्वेत रक्तकण कमी झालेले असतात. या काळात गर्दी, लग्नघर व बाहेरचे कच्चे अन्न टाळावे. ज्वर १००.४ अंशांवर गेल्यास काढा देत बसू नये, तातडीने रुग्णालयात न्यावे. म्हणून अशा रुग्णाच्या मुक्कामापासून रुग्णालय किती अंतरावर आहे, हे आधीच पाहिलेले असावे.

औषधालयांच्या चालकांशीही थोडे बोलावयाचे आहे. प्रवासासाठी म्हणून ग्राहक हमखास अविपत्तिकर आणि लवणभास्कर चूर्णे मागतात. अविपत्तिकरात निशोत्तराचा वाटा मोठा आहे. बसमध्ये बसलेल्या दुर्बल रुग्णास त्याने विरेचन झाले, तर जलक्षय आणि लज्जा दोन्ही पदरी येतात. लवणभास्करातील लवणे उच्च रक्तदाबाच्या किंवा हृद्रोगाच्या रुग्णास अपायकारक ठरू शकतात. खोकल्यासाठी ज्येष्ठमधाच्या कांड्या सहज दिल्या जातात, परंतु त्याच्या नित्य सेवनाने रक्तदाब वाढतो व रक्तातील पोटॅशियम घटते. मूत्रल औषधे घेणाऱ्यास हे विशेष घातक आहे. मधुमेही रुग्णास अवलेह देताना त्यातील साखरेची आठवण करून द्यावी. वॉरफेरिन घेणाऱ्या रुग्णास प्रवासाच्या तोंडावर कोणताही नवा कल्प देऊ नये, कारण परगावी आयएनआर तपासणी वेळेवर होईलच असे नाही. ग्राहक औषध स्वतःसाठी नेतो आहे की रुग्णासाठी, एवढे विचारण्यास अर्धे मिनिटही लागत नाही.

चालू औषधे प्रवासाच्या दिवसांपेक्षा चार दिवस अधिक पुरतील एवढी द्यावीत आणि ती दोन ठिकाणी विभागून ठेवण्यास सांगावे, म्हणजे एक पिशवी हरवली तरी औषध चुकत नाही. आसव-अरिष्टांच्या काचेच्या बाटल्या टाळून शक्य तेथे वटी द्यावी. औषधांची नावे व मात्रा सुवाच्य अक्षरांत लिहिलेला एक कागद रुग्णाच्या खिशात आणि त्याची प्रत जोडीदाराकडे असावी.